उर्वीचं कलम

"उर्वी, आलीस? वाट बघत होते," असं कुणीतरी अपूर्वाच्या आवाजात म्हणालं, आणि अपूर्वा तर तोंडात घास धरून गप्प होती. मधली सुट्टी होती. मुलं पडवीत खिचडीला बसली होती. तिचा डबा टेबलावर उघडा होता आणि एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने ती कपाटातले टॅब चार्जिंगला लावत होती, कारण शनिवारी संस्थेचा माणूस येणार आणि त्याला सगळे टॅब चार्ज केलेले हवेत असा निरोप होता. लावता लावता एकाच्या काचेवर बोट पडलं, एवढंच झालं. तसं घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. गणिताच्या त्या खेळात आवाज तिचाच होता. गेल्या वर्षी संस्थेने टॅब दिले तेव्हा मुलांना ओळखीचा आवाज हवा म्हणून त्यांनी तिच्याकडूनच तो भरून घेतला होता, वर्गातल्या एकेका मुलाच्या नावासकट. मूल आपल्या चित्रावर बोट ठेवतं, बाई नाव घेऊन हाक मारतात, समोर त्या मुलाचं हापूसचं कलम उभं राहतं. उत्तर बरोबर आलं की कलमाला कळशीभर पाणी मिळतं आणि एक पान फुटतं. बरेच दिवस कुणी आलंच नाही तर मात्र पानं पिवळी पडतात. उर्वीचं कलम शेवटचं बघितलं तेव्हा गुडघ्याएवढं होतं, हे अपूर्वाला पक्कं आठवत होतं. आणि उर्वी आषाढात तापाने गेली होती. आता भाद्रपद संपत आला होता, पितृपक्ष चालू होता, आणि काचेवरचं कलम कुंपणाच्या वर गेलं होतं. त्याला फांद्या होत्या. एकही पान पिवळं नव्हतं. अपूर्वाने घास कसाबसा गिळला आणि टॅब पालथा घातला.

पाठीमागे दारात वेद उभा होता, खिचडीचं ताट हातात घेऊन. हा मुलगा वर्गात तोंड उघडत नाही आणि नको तिथे नेमका बोलतो. "बाई, तो नका उघडू," तो म्हणाला. "तो उर्वीचा हाय. ती आता येल खेळायला."

"कोण म्हणतं असं?"

"आमी ऐकतो ना. खिचडी झाल्यावर तुमी तिला हाक मारता. मग ती खेळते."

"मी हाक मारते?"

"तुमीच," वेद म्हणाला. बाई असं काय विचारतात हे त्याला कळेना. त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. गजांच्या मधल्या चिऱ्यावर वड्याचा तुकडा ठेवलेला होता. काल कुणाच्यातरी घरी पितरांचा म्हाळ होता, तिथला. कालचा कावळ्याने नेला, आजचा अजून तसाच आहे, असं सांगून तो ताट धुवायला निघून गेला. खिचडी झाल्यावर आपण या वर्गात नसतोच, हे अपूर्वाला तो गेल्यावर सुचलं. त्या वेळी ती आणि हेडमास्तर सुरुबनात उभे असतात. शाळेत रेंज नाही. आज किती मुलं जेवली हे मोबाइलवरून वर कळवायचं, तर किनाऱ्यावरच्या सुरूंखाली जाऊन हात उंच करून उभं राहावं लागतं. रोज ती तिथे वाळूत उभी राहून आकडा धाडते, आणि त्याच वेळी इथे तिचा आवाज उर्वीला बोलावतो. तिने कागदाचा चिटोरा फाडला, त्यावर 'हा आधी' असं लिहिलं, तो टॅबच्या पाठीला चिकटवला आणि टॅब चळतीच्या वर ठेवला. शनिवारी संस्थेचा तो माणूस, संदेश, नवीन खेळ घालताना जुनं सगळं पुसणार होता. पुसायचंच आहे तर हे पहिलं पुसलं जाऊ दे. तेवढं केल्यावर तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

संध्याकाळी घरी, रत्नागिरीत नाचणे रोडच्या फ्लॅटमध्ये, तिने नवऱ्याला, वरदला, सांगितलं. वरद बँकेत होता. जगातल्या बहुतेक गोष्टी सर्व्हरच्या गोंधळाने होतात अशी त्याची समजूत होती, तेव्हा हेही त्यानेच झालं असेल असं म्हणून तो टीव्हीकडे वळला. ती साडी बदलायला आत गेली, कपाट उघडलं आणि उघड्या कपाटासमोर उभी राहिली. आवाज भरला होता तो याच कपाटात. भिंतीवर आपटून आवाज घुमू नये म्हणून कपड्यांमध्ये तोंड घालून बोला असं संदेशने सांगितलं होतं. एका रविवारी लोंबत्या साड्यांत डोकं खुपसून, वर गोधडी घेऊन, घामाने निथळत ती नावं घेत होती आणि बाहेर वरद हसत होता. संस्थेने लिहून दिलेली वाक्यं तिला आवडली नव्हती. 'उत्तर चूक आहे, पुन्हा प्रयत्न करा' असं त्यात होतं. कुणाची आई असं बोलते? तिने आपलं घातलं, "चुकलं म्हणून झाड मरत नाही गं, परत बघ." मुलगे होते त्यांना 'गं'चं 'रे' केलं. उर्वीचं नाव मात्र तीनदा भरावं लागलं. एकदा कुकरची शिटी मध्ये आली, एकदा वरद शिंकला. तिसऱ्यांदा ती इतकी दमली होती की आवाज आपसूक खाली आला, आणि ऐकताना वाटावं की या मुलीवर बाईंचा विशेष जीव आहे. तसं काही नव्हतं. उर्वी चारचौघींसारखी होती. वजाबाकीत उसना घेतलेला दहा परत करायला हमखास विसरायची, चुकली की जीभ बाहेर काढायची, आणि हाक मारली की "हो बाई" म्हणायची. टॅबलाही म्हणायची. टॅबला ऐकू येत नाही असं तिला सांगितलं, तर तिने विचारलं होतं, "मग वाट कशाला बघतो?"

हजेरीतून ते नाव कधीच निघालं होतं. पण रोज सकाळी नावं घेताना त्या जागी अपूर्वाची जीभ अडखळायची. एक नाव संपायचं, पुढचं यायच्या आधी एक खड्डा यायचा, आणि तिथे मुलंही गप्प व्हायची. आषाढापासून ते नाव तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. सुतकाच्या दिवसांत भेटायला गेली तेव्हा सतरंजीवर बसून ती "तुमची मुलगी" म्हणाली होती, आणि समोर बसलेल्या कमळाने मान वर करून तिच्याकडे नुसतं बघितलं होतं. कमळा उर्वीची आई. शाळेतली खिचडी तीच करायची. सगळ्यांच्या अंदाजाच्या आधीच ती कामावर परत आली, आणि तेव्हापासून अपूर्वा जेवायला पडवीत बसत नव्हती. वर्गात टेबलाशी बसून डबा खात होती. तपासायच्या वह्या खूप साचल्या आहेत, असं तिने हेडमास्तरांना सांगितलं होतं. कपाटातून डांबरगोळ्यांचा वास येत होता. कापडांच्या आत तिला आपलाच आवाज अजून लोंबत असल्यासारखा वाटला आणि तिने दार लावून घेतलं.

माणूस नाही आणि त्याचा आवाज आहे, याची भीती तिला लहानपणापासूनची. वडील, दत्तात्रेय शेवडे, खेडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारायचे. गुहागर, दापोली, चिपळूण अशी गावांची नावं त्यांच्या आवाजात तिने आधी ऐकली आणि गावं नंतर बघितली. एकदा गणपतीच्या गर्दीत आईचा हात सुटला. माणसांच्या कमरा आणि ट्रंका एवढंच दिसत होतं, आणि एकाएकी सगळ्या स्टँडवरून, खांबांवरून, पत्र्यांवरून वडील बोलायला लागले. अपूर्वा दत्तात्रेय शेवडे, जिथे असशील तिथेच उभी राहा, मी येतोय. ती उभी राहिली. आवाज चारी बाजूंनी येत होता आणि वडील कुठेच नव्हते. ते लगेच आले असणार. पण तिला जे आठवतं ते मधलं उभं राहणं, आपलं नाव हवेत आहे आणि नाव घेणारा दिसत नाही तेवढं. वडील जाऊन आता वर्षं झाली. तरी कुठल्याही स्टँडवर भोंगा खरखरला की तिचे पाय थांबतात. उर्वी तशी कुठेतरी थांबली असेल का, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिने तो झटकला. शिकलेल्या बाईने असले विचार करायचे नसतात. पण केले, आणि रात्रभर कूस बदलत राहिली.

गुरुवारी ती मुद्दाम सुरुबनात गेली आणि शक्य तेवढा वेळ तिथेच रेंगाळली. शुक्रवारी मात्र रस्ता ओलांडून वाळूत पाय टाकला आणि तिथूनच वळली. "आकडा तुम्हीच धाडा हो सर," असं हेडमास्तरांना सांगून ती शाळेच्या मागच्या अंगाने आली. मुलं मैदानावर ओरडत होती. भाद्रपदातलं ऊन चिऱ्याच्या भिंतीवरून तापून अंगावर येत होतं. वर्गाचं दार लोटलेलं होतं. ती दाराला हात लावून उभी राहिली आणि आतून तिने स्वतःला ऐकलं.

"उर्वी, आलीस? वाट बघत होते."

"हो बाई," असं आतून कुणीतरी म्हणालं.

अपूर्वाचा हात दारावरच राहिला. पळून जावं असं वाटलं आणि पळता येईना. मग तोच दमलेला, मायेचा वाटणारा आवाज एक उदाहरण सांगायला लागला, आणि आतलं माणूस हळूहळू आकडे पुटपुटायला लागलं. तो आवाज लहान मुलीचा नव्हता. तिने दार ढकललं. मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन कमळा बसली होती. हात कोपरापर्यंत ओले, पदर खोचलेला, आणि टॅबवर पाणी पडू नये म्हणून तो तिने पालथ्या ताटावर ठेवला होता. ती दचकली नाही. "या बाई," म्हणाली, आणि बाकावर थोडी सरकून बसली.

"कधीपासून चाललंय हे, कमळाताई?"

"कामावर आल्ये तवापासनं. भांडी झाली की येतंय. चावी खिळ्यालाच असते."

"मला सांगायचंत तरी."

"तुमी बोलता कुठं माज्याशी," कमळा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. विहिरीला पाणी कमी आहे हे सांगावं तसं ते सांगणं होतं. अपूर्वा बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. काचेवर कलम उभं होतं आणि त्याखाली कळशी रिकामी होती. "ह्याच्यात बोलता," कमळा पुढे म्हणाली. "तिचा नाव घेता. घरात कोण घेत नाय. तिचा बापूस बोटीवर गेला तो आता दिवाळीला येल. सासू म्हणते नाव काढू नको, पोर घुटमळेल. रविवारी आमच्याकडं म्हाळ हाय. सासऱ्याचा पान, आजेसासऱ्याचा पान, कोण कुठली चुलत सासू, मी बघितली पण नाय, तिचा पण पान. वडे, खीर सगळा करायचा. एवढ्या पोराचा पान नसतो, बाई. मी विचारला भटजींना. नसतोच, म्हणाले." तिने पदराने पुसावी तशी काच बोटाने पुसली. "मग मी इथं येतंय."

शिकलेली होती ती दुसरीपर्यंतच, गुहागरकडे, माहेरी. त्यामुळे खेळ तिला जड जात होता. एकेका पानासाठी ती पुन्हा पुन्हा चुकत होती. पोर माझ्यापेक्षा हुशार होती, माझ्यामुळे तिचं कलम अडलंय, असं ती म्हणाली, आणि हे तिला मनापासून लागलेलं होतं. दुसरीचा भाग संपला की कलमाला मोहोर येतो आणि बाई म्हणतात की उर्वी, तू तिसरीत गेलीस, हे तिला मुलांनी सांगितलं होतं. वेदच्या कलमाला आला होता, तोही तिने बघितला होता. "भाद्रपदात मोहोर," ती म्हणाली आणि कित्येक दिवसांनी अपूर्वाने तिला हसताना बघितलं. मग तिने विचारलं, "उद्या पुसणार ना हो सगळा?"

"उद्या. शाळा सुटताना येईल तो."

"तवर मोहोर येल."

शेवटचं उदाहरण होतं. बावन्नातून सदतीस. कमळाने बोटं मोजली, ओठ हलवले आणि पंचवीस दाबलं. उर्वीनेही पंचवीसच दाबलं असतं, उसना घेतलेला दहा विसरून. अपूर्वाच्या तोंडात पंधरा येऊन थांबलं. कमळाने हात वर केला. "सांगू नका. तिला कोण सांगणार होता?" आणि टॅबमधून अपूर्वा म्हणाली, "चुकलं म्हणून झाड मरत नाही गं, परत बघ." दोघी शेजारी शेजारी बसून ते ऐकत राहिल्या. शेजारी बसलेल्या अपूर्वाला त्या आतल्या अपूर्वाचा हेवा वाटला. तिला सगळं बोलता येत होतं. तेवढ्यात घंटा झाली, मुलं धावत आली, आणि कमळा उठली. टॅब तिने स्वतः पुसून चळतीच्या वर ठेवला. "उद्या खिचडी लवकर टाकतंय," म्हणाली. चिटोरा चिकटवलेली बाजू खाली होती, आणि पुढचा तास सातच्या पाढ्याचा होता. चिटोरा काढायचा राहिलाय हे अपूर्वाच्या ध्यानात आलं नाही.

शनिवारची शाळा सकाळची. शाळा सुटताना यायचा तो संदेश रत्नागिरीहून प्रार्थनेच्याही आधी मोटरसायकलवर येऊन थडकला, कारण दुपारी त्याला राजापूरला दुसरी शाळा होती. अपूर्वाची स्कूटर शिरगावात पंक्चर झाली आणि ती धापा टाकत वर्गात शिरली तेव्हा तो मुलांच्या बाकावर बसून काम करत होता. चांगला पोरगा होता, मन लावून करायचा. "मॅडम, तुमचा कागद बघितला," तो हसून म्हणाला. "हा आधी. म्हणून तोच पहिला घेतला. बिघडला होता का?" तिने टॅब हातात घेतला. काचेवर उघडं अंगण होतं आणि मधोमध एक आंब्याची बाठ. काही परत आणता येईल का, असं तिने विचारलं, आणि तिचा आवाज असा निघाला की संदेशने हातातलं काम थांबवलं. नाही येणार, म्हणाला. जुना खेळ नव्यात चालत नाही. पण नवीन फारच छान आहे. आता नावं भरून घ्यायला नकोत, हजेरीतलं नाव टाकलं की कॉम्प्युटरच हाक मारतो. त्याने दाखवण्यासाठी एक उघडला. कुणा बाईचा स्वच्छ, हसरा आवाज वेदला सुप्रभात म्हणाला. हा आवाज कोणाचा, अपूर्वाने विचारलं. "कोणाचाच नाही," संदेश अभिमानाने म्हणाला. निघताना तो सगळे टॅब नीट कपाटात लावून गेला.

खिचडी खरंच लवकर झाली. हेडमास्तर सुरुबनात गेले, मुलं घरी पळाली, नुसती चुलीवरच्या टोपात पाण्याची चुरचुर राहिली. अपूर्वा खुर्चीवर बसून होती. तिला दोन वाक्यं सांगायची होती, ती तिने तोंडात जुळवून ठेवली होती, आणि हात कोपरापर्यंत ओले घेऊन कमळा दारात आली तेव्हा ती सगळी विस्कटली. कमळाने कपाटाकडे बघितलं. "गेला?" ती म्हणाली.

"गेला. मीच वर ठेवला होता. बुधवारी. मला भीती वाटली म्हणून. संदेश लवकर आला, आणि..."

कमळा उंबऱ्यावर बसली. ओले हात तिने मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. एकच उदाहरण राहिलं होतं. उद्या तिच्या घरात कितीतरी पानं मांडली जातील आणि एकही तिच्या पोरीचं नसेल. खिडकीत कावळा येऊन बसला, चिऱ्यावर आज काही नव्हतं, तो उडून गेला. समुद्राचा आवाज येत होता, तो रोजच येतो. आता ही उठेल, टोप घासेल, आणि सोमवारपासून मी परत डबा घेऊन या टेबलाशी बसेन, अपूर्वाच्या मनात आलं, आणि ते तिला सहन होईना. ती उठली. खडू घेतला. फळ्याच्या कोपऱ्यात तिने एक कलम काढलं. चित्रकला तिची बेताचीच, ते केरसुणीसारखं दिसत होतं. त्याच्या बाजूला तिने बावन्न लिहिले, खाली सदतीस लिहिले, रेघ ओढली आणि दाराकडे वळली. काय बोलायचं हे तिने ठरवलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आवाज आपसूक खाली आला, त्या रविवारी साड्यांच्या आत आला होता तसा, आणि तो आपण काढतोय की आपल्यामागे उभं राहून कुणी काढतंय, हे तिला कळलं नाही.

"उर्वी, आलीस? वाट बघत होते."

उंबऱ्यावर कमळाची मान वर झाली. तिने अपूर्वाच्या तोंडाकडे बघितलं. मग उठली, हात पदराला पुसले, आणि बाकांमधून वाट काढत फळ्याशी आली. "हो बाई," म्हणाली. अपूर्वा मागे सरकली नाही, तिने खडू पुढे केला. कमळाने बोटं मोजली, ओठ हलवले आणि रेघेखाली जपून, मोठ्या आकड्यांत, पंचवीस लिहिले. लिहून झाल्यावर तिने जिभेचं टोक बाहेर काढलं आणि वळून बघितलं.

"चुकलं म्हणून झाड मरत नाही गं," अपूर्वा म्हणाली. "परत बघ."

कमळाने पदराच्या टोकाने दोनाचा आकडा पुसला आणि मोजायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.